अलका निरीक्षण केंद्र

कॅमेरा म्हटला की आमच्याकडे आधी चोर आठवतो. जळगावच्या पिंप्राळ्यात माझ्या गच्चीवर लोखंडी नळीच्या टोकाला तो पांढरा डबा बसवला, तेव्हा शेजारच्या किराणा दुकानदाराने खालूनच विचारलं, "भाऊ, घरात असं काय आहे?" काही नाही, म्हटलं, जुनी पुस्तकं. त्याचा विश्वास बसला नाही. पुस्तकांसाठी कोणी कॅमेरा लावत नाही, हे त्याचं म्हणणं व्यवहाराला धरूनच होतं. मग मी सांगितलं की हा कॅमेरा आकाशाकडे बघतो. त्यावर तो पुन्हा आपल्या गिऱ्हाइकाकडे वळला. आमच्या भागात माणूस निवृत्त झाला की लोक त्याला बऱ्याच गोष्टी माफ करतात.

कॅमेरा तसा चोरांचाच आहे. दुकानांच्या दारावर असतो त्याच जातीचा, फक्त अंधारात जास्त दिसणारा आणि रुंद भिंगाचा. त्याला एक लहानसा संगणक जोडलेला असतो. अंधार पडला की तो संगणक आकाश बघत बसतो आणि काही हललं की तेवढा तुकडा जपून ठेवतो. सकाळी आपण ते तुकडे उघडायचे आणि त्यात उल्का कुठली, विमान कुठलं, वटवाघूळ कुठलं ते ठरवायचं. लग्नसराईत लॉन्सवाल्यांचे फिरते दिवेही त्यात येतात, आणि ते उल्कांपेक्षा कितीतरी दिमाखदार दिसतात. देशोदेशीचे हौशी लोक असे कॅमेरे लावून एकमेकांना जोडतात, आणि त्या जाळ्यात आम्हीही होतो. लोकांना वाटायचं, आम्ही रात्र रात्र गच्चीवर जागतो. आम्ही झोपायचो. जागणारा खगोलप्रेमी सत्काराच्या भाषणात बरा दिसतो, एवढंच.

आम्ही म्हणजे मी आणि माझे दाजी. दाजी हे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. धुळ्याला देवपुरात राहतात आणि जन्मभर तिथल्याच एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले. मी जळगावला एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. पुढे मुद्रितं शोधण्याची गरज कोणालाच वाटेनाशी झाली, तेव्हा मीही निवृत्त झालो. दाजी मला 'शालकबुवा' म्हणतात. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मी लग्नाच्या पंगतीपासून शोधतो आहे.

कॅमेऱ्यांचा नाद त्यांचा. एकदा जेवताना त्यांनी मला अंगठा डोळ्यांपुढे धरायला लावला. आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा भिंतीवर इकडून तिकडे सरकला. "अंगठा किती लांब आहे ते दोन डोळ्यांमुळे कळतं," ते म्हणाले. "एका डोळ्याला दिशा कळते. अंतर कळत नाही. उल्केचंही तेच. एक डोळा जळगावला ठेवायचा, एक धुळ्याला."

अक्का वाढता वाढता म्हणाली, "तुटलेला तारा दुसऱ्याला दाखवू नये, असं आई म्हणायची."

"तुझ्या आईचं ऐकलं असतं तर विज्ञानच झालं नसतं," दाजी म्हणाले. अक्काने त्यांच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी टाकली. तिच्या घरी वादाचा निकाल असाच लागतो.

अशी आमची जोडी जमली. माझा कॅमेरा पश्चिमेकडे बघायचा आणि दाजींचा पूर्वेकडे. एरंडोल-पारोळ्याच्या वरचं आकाश दोघांना सामाईक होतं. त्या सामाईक आकाशात एखादी उल्का दोघांनाही दिसली, तर ती किती उंचीवर पेटली, कुठल्या वाटेने आली, विझली कुठे, हे सगळं गणिताने काढता येतं. फक्त एकालाच दिसली तर तिचा उपयोग जवळजवळ शून्य. नवरा-बायकोपैकी एकट्यानेच सांगितलेल्या भांडणासारखं ते असतं.

अशा जोडीने टिपलेल्या बारीकसारीक उल्का आमच्याकडे बऱ्याच जमल्या. पण त्या वरच्या वर जळून जाणाऱ्या. दाजींना हवी होती ती वेगळी: सावकाश येणारी, खूप खालपर्यंत पेटत राहणारी आणि शेवटी दगड उरवणारी. दोन्ही कॅमेऱ्यांत ती सापडली की दगड कुठल्या शिवारात पडला ते मोजून काढायचं, आणि जाऊन तो उचलायचा. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, बसस्टँडवर, धुळ्याची गाडी फलाटाला लागत असताना. "चाळीस वर्षं पोरांना तीच गणितं घातली, शालकबुवा. सगळ्यांची उत्तरं पुस्तकाच्या शेवटी छापलेली. उत्तर छापलेलं नसलेलं एक गणित सोडवून मरायचंय." आणि गाडीत चढले. त्यांना त्यावर माझं काही ऐकायचं नव्हतं.

खान्देशात उन्हाळ्यात माणसं गच्चीवर झोपतात. घरात झोपणं म्हणजे भट्टीत झोपणं. चैत्रात गाद्या वर जातात त्या पहिल्या सरींनंतर खाली येतात. दाजींच्या घरासमोर, पूर्वेला, गल्लीपलीकडे आबांचं घर आहे. आबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आणि कॉलनीत दुसरं कोणी तयार होत नाही म्हणून कायमचे अध्यक्ष. पहिल्याच उन्हाळ्यात ते दाजींकडे आले. मी त्या दिवशी तिथेच होतो.

"सर, तुमना कॅमेरा कोनीकडे देखस?"

"आकाशाकडे, आबा."

"आभायमा काय शे?"

"तेच बघायचंय."

आबांनी थोडा विचार केला. "आमन्या बाया-पोरी गच्चीवर झोपतीस, सर. तुम्हले माहीत शे."

आबांची गच्ची दाजींच्या गच्चीहून एक मजला उंच आहे. खालच्या कॅमेऱ्याला तिचा कठडा दिसायचा आणि त्यावरची पाण्याची टाकी. पण हे तोंडी सांगून पटण्यासारखं नव्हतं. दाजींनी दुसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या घरातल्या सगळ्यांना चहाला बोलावलं आणि रात्रीचं सगळं चित्रण दाखवलं. ओळीने चांदण्या. एक विमान. पुन्हा चांदण्या. आबांची म्हातारी आई बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "यामा ते काहीच नही." आणि उठली. तिची निराशा खरी होती. पण प्रकरण मिटलं, आणि पुढची दोन-तीन वर्षं कोणी काही बोललं नाही.

मग आमचा सत्कार झाला.

धुळ्यातल्याच एका शिक्षणसंस्थेला विज्ञान दिनाला कोणीतरी सत्कार करण्याजोगं हवं होतं. दरवर्षीचे शास्त्रज्ञ बहुधा मिळाले नसावेत. आम्हाला निरोप आला, 'उल्का निरीक्षण केंद्राचे मानकरी' म्हणून आपला सन्मान करायचा आहे. केंद्र म्हणजे दोन नळ्या आणि दोन डबे, पण मान देणाऱ्याला केंद्र लागतंच. दाजींना जायचं नव्हतं. संस्थेची नवी इमारत उंच आहे, तिच्या गच्चीवर तिसरा कॅमेरा बसवू देतील या आशेने ते तयार झाले.

सभागृहात शिरलो आणि समोर फ्लेक्स दिसला. प्रमुख पाहुण्यांचा फोटो पुरुषभर, आमचे दोघांचे टपाल तिकिटांएवढे, आणि वर जाड अक्षरांत: 'अलका निरीक्षण केंद्राचे मानकरी'.

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेलांट्या आणि उकार दुरुस्त केले. माझ्याच नावाखालचा मजकूर मात्र मला कोणी दाखवला नाही. चूक कशी झाली असेल ते मला लगेच कळलं. कोणीतरी गाडीवर बसल्या बसल्या फोनला सांगितलं असणार आणि फोनने आपल्या बुद्धीने लिहून फ्लेक्सवाल्याला पाठवलं असणार. फोनला उल्का माहीत नसते, अलका माहीत असते. तोही आपल्यातच वाढलेला. वर्तमानपत्रात निदान दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात दुरुस्ती छापायची सोय होती. फ्लेक्सला दुरुस्ती नसते. तो उतरतो आणि मग कोणाच्या तरी गोठ्यावर अंथरला जातो.

हेही चाललं असतं. पण पाहुणे उशिरा आले, आणि त्यांना आमच्याविषयी जी काही माहिती होती ती त्यांनी खुर्चीकडे जाता जाता फ्लेक्सवर वाचलेली. "अलकाताईंना मी व्यक्तिशः ओळखत नव्हतो," ते भाषणात म्हणाले, "परंतु त्यांच्या नावाने हे दोघे बंधू जे कार्य करीत आहेत, ते पाहून आज त्या जिथे असतील तिथे..." आणि वर पाहिलं.

दाजी उठायला लागले. शेजारी बसलेल्या प्राचार्यांनी त्यांची बाही धरली. "सर, राहू द्या. साहेबांना पुढे पारोळ्याला कार्यक्रम आहे."

"अहो, पण अलका कोणीच नाही."

"ते मी नंतर बोलतो त्यांच्याशी."

तेवढ्यात सूत्रसंचालकाने दोन मिनिटं मौन जाहीर केलं. सभागृह उभं राहिलं. आम्हीही राहिलो. सगळे उभे असताना आपण एकट्याने बसून राहण्याइतका विज्ञाननिष्ठ माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. शाल, श्रीफळ आणि प्लॅस्टिकचा एक सोनेरी सूर्य घेऊन बाहेर पडताना दाजींनी गच्चीचं विचारलं. गच्चीवर सोलर आहे, प्राचार्य म्हणाले.

त्या फ्लेक्सखाली शाल पांघरून उभ्या असलेल्या आम्हा दोघांचा फोटो संध्याकाळच्या आत कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचला होता. आबांच्या धाकट्या सुनेचं नाव अलका आहे.

खरं म्हणजे कोणालाही काही वेगळं वाटलं नव्हतं. सगळ्यांनी चित्रण पाहिलं होतं, दाजी कसे आहेत ते सगळ्यांना माहीत होतं. संशय असता तर निवारता आला असता. ही चेष्टा होती, आणि चेष्टेला पुरावा दाखवता येत नाही. पोरं पानटपरीवर दाजींना थांबवून विचारायची, "सर, आज निरीक्षण शे का?" कोणी आबांच्या मुलाला म्हणायचं, तुझ्या घरावर केंद्र आहे म्हणे. ढग आले की ग्रुपवर कोणीतरी लिहायचं, आज अलका दिसणार नाही. महिनाभरात आबा पुन्हा आले. या वेळी चहाला नाही म्हणाले.

"सर, माले ठाऊक शे. बठ्ठासले ठाऊक शे. पन पोरे हसतस. मना पोऱ्या घरमा बोलत नही कोनाशी." मग पायरीकडे बघत म्हणाले, "तेवढं त्या कॅमेरानं तोंड फिराई द्या."

दाजींनी त्यांना अंगठ्याचं उदाहरण सांगितलं नाही. मी असतो तर सांगितलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नळी सैल केली आणि कॅमेरा पश्चिमेकडे वळवला. पश्चिमेला साक्री, पुढे नंदुरबार, पुढे गुजरात. त्या आकाशाकडे आमच्या जाळ्यातलं दुसरं कोणीच बघत नव्हतं. कॅमेऱ्यासाठी गच्ची द्याल का, असं पारोळ्याच्या दोन नातेवाइकांना विचारून झालं. एकाने चोरांचा विषय काढला, दुसऱ्याने फोटो पाहिला होता.

"वर्षभराने लोक विसरतील, मग फिरवू," दाजी म्हणाले. तसं त्यांचं बरोबर होतं.

हवी होती ती उल्का डिसेंबरात आली. खान्देशात हा भरीत पार्ट्यांचा मोसम. शेतात कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजायची आणि तिथेच जेवायचं. जामनेरजवळच्या एका शेतातून माझ्या पुतण्याचा फोन आला तेव्हा मी घरात बातम्या बघत होतो. "काका, वांगी भाजायचा उजेड कमी पडला एवढा उजेड पडला," तो म्हणाला. मी संगणक उघडला. पश्चिमेला, बरोबर आमच्या सामाईक आकाशात, एक पिवळट रेघ सावकाश खाली येत होती. तिचे तुकडे झाले, त्यातला एक पुढे निघाला आणि क्षितिजाच्या धुळीत शिरेपर्यंत विझला नाही. अशी मी आधी पाहिली नव्हती आणि पुढेही पाहीन असं वाटत नाही. मी दाजींना फोन केला. 

"किती सेकंद?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"म्हणजे दगड आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "मी जेवतोय, नंतर करतो." अक्काने नंतर सांगितलं, जेवणं केव्हाच झाली होती.

माझ्याकडे दिशा होती. पिंप्राळ्याच्या गच्चीवरून निघून पाळधी, एरंडोल, पारोळा यांच्यावरून जाणारी एक रेघ. त्या रेघेवर ती जवळ होती की लांब, हे सांगणारा डोळा साक्रीकडे बघत होता.

पण चार दिवसांनी दाजी स्वतःच जळगावला आले. त्यांच्या चित्रणाच्या कोपऱ्यात त्यांच्याच जिन्याच्या खोलीची भिंत येते. त्या रात्री उजेड पडला तेव्हा त्या भिंतीवर एक सावली उमटली होती आणि सरकत गेली होती. आबांच्या टाकीची सावली. "सावलीवरून उजेडाची जागा काढता येते," ते म्हणाले. "लोकांनी काढलेली आहे. टाकी नेमकी कुठे आहे, भिंत कुठे आहे, एवढं मोजलं की झालं." इतक्या महिन्यांत मी त्यांना असं घाईने बोलताना ऐकलं नव्हतं. चहा तसाच राहिला.

म्हणजे टेप घेऊन आबांच्या गच्चीवर जाणं आलं. दाजी तीन आठवडे गेले नाहीत. शेवटी संक्रांतीनंतर अक्का त्यांच्या घरी हळदी-कुंकवाला गेली आणि विचारून आली. टेपचं दुसरं टोक धरायला मी धुळ्याला गेलो.

आबा आम्हाला स्वतः वर घेऊन गेले. "टाकीनी सावली?" त्यांनी दोनदा विचारलं. दोनदा हो म्हटल्यावर त्यांनी पुढे विचारायचं सोडलं. दाजी टाकीच्या मापाला लागले तेवढ्यात जिन्यातून धाकटी सून आली. हातात चहाचा ट्रे.

"सर, टाकी इथे नव्हती," ती म्हणाली. "आत्ता या महिन्यात सोलर बसवलं तेव्हा सरकवली. आधी तिकडे होती."

तिने दाखवलं त्या कोपऱ्यात स्लॅबवर शेवाळाचं एक पूर्ण वर्तुळ होतं. दाजी गुडघ्यांवर बसले आणि त्या वर्तुळाचा मध्य शोधू लागले. ती ट्रे धरून उभी राहिली. मग अगदी सरळ चेहऱ्याने तिने विचारलं, "सर, शेवटी दिसली का हो ती? अलका?"

आबा दुसरीकडे बघू लागले. दाजींनी मान वर केली. "दिसली," ते म्हणाले. "माझ्या शालकाला दिसली. मला नाही."

ती हसली. दाजीही हसले असते, पण त्यांच्या हातात टेप होती आणि आकडा विसरायची भीती होती.

त्यानंतर त्यांनी महिनाभर गणित केलं. सावलीच्या कडा पुसट होत्या. उल्का तुटत होती तेव्हा सावल्याही दोन-तीन झाल्या होत्या. शिवाय रुंद भिंगाच्या कोपऱ्यात सगळंच वाकडं होतं, आणि भिंतही वाकलेली होती. ती गवंड्यानेच थोडी वाकडी बांधली होती, हे नंतर लक्षात आलं. ते एकेक दोष काढत गेले. उत्तर येत होतं, पण उत्तराबरोबर येणारी चूक कमी होत नव्हती. शेवटी त्यांनी मला फोनवर सांगितलं: दगड पाळधी आणि पारोळा यांच्या मध्ये कुठेतरी आहे.

"म्हणजे अख्खा एरंडोल तालुका," मी म्हटलं.

"थोडा धरणगावही."

एवढं तर पुतण्याने वांगी भाजता भाजता सांगितलं असतं. हे मी बोललो नाही, आणि मी ते बोललो नाही हे त्यांना कळलं.

आम्ही एकदा गेलोही. दुपारी, एरंडोलच्या पुढे, रस्ता सोडून एका कपाशीच्या रानात. काळी जमीन आणि काळी ढेकळं, तोडायच्या राहिलेल्या पऱ्हाट्या. दगडही काळाच असणार. दाजींनी खिशातून लोहचुंबक काढला आणि दोन-चार खड्यांना लावून बघितला. बांधावरून एका माणसाने ओरडून विचारलं, "काय देखी राहिनात?" दाजी म्हणाले, जमीन. "इकनी नही शे," तो म्हणाला. विकायची नाही. आम्ही परत आलो.

चैत्रात मी धुळ्याला गेलो तेव्हा कॉलनीत गाद्या वर जात होत्या. दाजींच्या गच्चीवरही अक्काने दुपारपासून गाद्या उन्हात टाकल्या होत्या. गल्लीपलीकडून, वरच्या कठड्यावरून आबांनी हाक मारली.

"सर, फिराई द्या आते तो कॅमेरा इकडे. आते कोनी काही नही बोलस. सूनच म्हने, सरले सांगा."

"बरं, आबा. बघतो."

आबा आत गेले. मी जिन्यातून पाना घेऊन आलो. नळीचे दोन बोल्ट, पाच मिनिटांचं काम. दाजी कठड्याला टेकून होते. त्यांनी पाना माझ्या हातातून घेतला आणि जिन्याच्या खिडकीत ठेवून दिला.

"तशी पुन्हा केव्हा येईल?" मी विचारलं.

"आपल्या दोघांच्या मधे? येईल. गणिताने विचाराल तर माझ्या हयातीत नाही."

"पण फिरवायला काय हरकत आहे?"

"हरकत काहीच नाही," ते म्हणाले. "पण फिरवला की पुन्हा वाट बघावी लागेल."

मग ते अक्काला गाद्या झटकायला मदत करू लागले.